दहा ते एक

काठी क्वार्टरच्या माळ्यावर सापडली,
बदलून गेलेल्या रेंजरसाहेबांची.
चार तुकडे, हिरव्या कापडी पिशवीत,
सोबत चकरी, पिवळी दोरी,
आणि उंदरांनी अर्धं खाल्लेलं पुस्तक.
उरलेल्या पानावर घड्याळाचं चित्र:
मधोमध माणूस,
काठी दहावर, काठी एकवर.
पुढचं उंदरांना ठाऊक.

मी जनावरांच्या दवाखान्यातला ड्रेसर.
माझा जन्म जखमांवरच्या माशा हाकलण्यात गेला.
आता रात्री बल्बखाली बसून
मासा धरण्यासाठी माशी बांधायला शिकतो:
टाके घालायचा काळा रेशमी धागा,
फुलझेल्यांच्या कोंबड्याच्या मानेचं पीस,
गोऱ्ह्याच्या शेपटीचे सात केस.
पहिली झाली कोळ्यासारखी.
दुसरी कशासारखीच नाही.
तिसरीला, बायको म्हणाली, निदान पाय तरी दिसतात.

सकाळी तलावाची पाळ.
तुडुमापाशी सीतकुराबाई वलथरे जाळं झटकत बसलेली.
तलाव सोसायटीचा, परवानगी तिनंच दिली,
एका अटीवर: निंगल ते माह्या टोपलीत.
"का जी डाक्टर, पान्याले चाबूक मारता का?"

चाबूकच तो.
हिसका दिला की दोरी माझ्याच पाठीवर,
कॉलरमध्ये, बेशरमाच्या झाडीत,
एकदा सलंगाजवळ चरणाऱ्या म्हशीच्या कानात.
ती तेवढी माझ्या हद्दीतली गोष्ट.
गळ उलटा फिरवून काढला, टिंक्चर लावलं,
रजिस्टरात कारण लिहिलं: काटा.

मग गळाच्या जागी लोकरीचा तुकडा बांधला
आणि धान निघून गेलेल्या खळ्यावर
रोज संध्याकाळी हवा झोडपली.
पोरं तणशीच्या ढिगावर बसून वेळ सांगायची:
"दहा!"
"एक!"
"साडेतीन वाजले जी, साडेतीन!"

मला वाटायचं, फेकणं म्हणजे पुढे.
तीन आठवडे मी पुढेच फेकत होतो.
जाळं खांद्यावर घेता घेता,
माझ्याकडे न बघता, सीतकुराबाई बोलली:
"मांगं गेलेलं मांगं पुरतं जाऊ द्या न.
तुमी त त्याले अर्ध्यातूनच बलावता."

मागे डोळे नाहीत.
मागचं फक्त तळहाताला कळतं:
दोरी हवेत सरळ होते तेव्हा
काठी किंचित ओढ खाते,
गाभण गाईच्या कुशीला हात लावावा
आणि आतून एक पाय हलावा,
तेवढीच.
तिथवर थांबायचं.
किती? ते पान उंदरांनी नेलं.

थांबणं मला येतं असं वाटत होतं.
सव्वीस वर्षं मी थांबलोय,
साहेबांच्या सहीसाठी, लसीच्या गाडीसाठी, लाइटीसाठी.
पण ते बसून थांबणं.
हे हात वर असताना.

माघातल्या एका सकाळी दोरी मागे पुरती गेली.
पुढे आली तेव्हा मी फार काही केलं नव्हतं.
वाळल्या देवधानाच्या कडेला माशी टेकली,
पाण्यावर सुरकुती नाही,
आणि मी तिच्याकडे असा बघत राहिलो
की मरळीनं वर येऊन तोंड उघडलं,
माशी घेतली, चव पाहिली, थुंकली,
बुडाली,
तरी काठी माझ्या हातात होती तशीच.

"वढलं काऊन नाई जी?"
मी म्हटलं, उतरली कशी ते पाहिलं का?
पाहिलं होतं तिनं.
"पाहिलं न. टोपलीत का घालू, पाहिलेलं?"

मग उठून गुडघाभर पाण्यात गेली,
जाळ्याची कड दातांत धरली,
म्हणजे आता बोलणं बंद,
आणि कमरेतून मागे वळली.

मी मोजलं.
ती थांबली होती.